आठवण पुसली, आता पुरावा आणा



गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे गटांमधून जे प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी चारदा आला. मोबाईलवर व्हिडिओ फिरतात. सरकार गुपचूप माणसाच्या डोक्यावर ताबा मिळवतं, असं त्यांत सांगतात. कुणी म्हणतं टॉवरमधून, कुणी म्हणतं लशीतून, कुणी म्हणतं दाढ भरताना आत चिप बसवतात. हे खरं का, असं तुम्ही विचारलंत. ‘छे, काहीतरीच!’ म्हणून आम्हांला पुढच्या विषयाकडे वळता आलं असतं. पण तसं म्हणवत नाही. कारण माणसाचं मन ताब्यात घ्यायचा खटाटोप एका सरकारने खरोखर केला होता. त्याचे कागद आहेत. आणि ज्यांनी तो सोसला, त्यांनाही आधी लोक ‘छे, काहीतरीच!’ असंच म्हणाले होते.

तेव्हा आज जरा लांब जाऊ या. कॅनडा देशात, माँट्रियल नावाच्या शहरात.

या शहरात एक डोंगर आहे आणि त्याच्या उतारावर एक मोठा दगडी वाडा आहे. बोटींच्या धंद्यात गबर झालेल्या ह्यू ॲलन नावाच्या माणसाने तो बांधला होता. 1940 नंतरच्या काळात तिथे मनाच्या आजारांचा दवाखाना सुरू झाला. त्याचं नाव ॲलन मेमोरियल इन्स्टिट्यूट. मॅकगिल या नामांकित विद्यापीठाशी तो जोडलेला होता. दवाखान्याचे प्रमुख होते डॉक्टर यूएन कॅमेरॉन. हे कुणी भोंदू वैदू नव्हते बरं का. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले, पुढे जागतिक संघटनेचे पहिले अध्यक्ष झाले. त्यांच्याकडे जायला मिळणं म्हणजे नशीब, असं लोक मानत.

जाणारी माणसं कोण होती? बऱ्याच बाया होत्या. कुणाला बाळंतपणानंतर उदास वाटायचं, बाळाकडे बघावंसं वाटायचं नाही. कुणाला झोप लागत नव्हती. कुणाचा जीव उगाच घाबरा व्हायचा. आपल्या गटात दहा जणी बसल्या तर त्यांतल्या दोघी-तिघी सांगतील, अशीच ही दुखणी. नवरा किंवा वडील त्यांना घेऊन यायचे, डॉक्टरांच्या हवाली करायचे आणि विश्वासाने घरी जायचे.

कॅमेरॉन यांच्या डोक्यात एक कल्पना घट्ट बसली होती. आजारी मन म्हणजे चुकीची वीण. ती सगळी उसवून टाकायची आणि कोऱ्या सुतावर नवी वीण घालायची. उसवायचं कसं? विजेचे झटके देऊन. मनाच्या काही आजारांत शॉकचा उपचार तेव्हाही होता आणि आजही आहे. भूल देऊन, मोजून-मापून दिला तर त्याने काही रुग्णांना गुण येतो. त्याला सरसकट नावं ठेवायचं कारण नाही. पण कॅमेरॉन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त झटके द्यायचे, दिवसातून दोन-दोन, तीन-तीन वेळा. त्याच्या जोडीला औषधं देऊन माणसाला झोपवून ठेवायचे. एक-दोन दिवस नाही, आठवडेच्या आठवडे. जेवणापुरतं आणि संडासला नेण्यापुरतं उठवायचं, परत झोपवायचं. काही जणांची ही झोप दोन महिन्यांच्या घरात गेली.

मग नवी वीण. त्यासाठी टेप. रुग्णाच्याच बोलण्यातून काढलेली एखाद-दोन वाक्यं टेपवर भरायची आणि उशीखालच्या स्पीकरमधून किंवा डोक्याला बांधलेल्या टोपातून ती ऐकवत राहायची. तेच वाक्य, तासन्‌तास, दिवसच्या दिवस, हजारो वेळा. आधी मनाला टोचणारी वाक्यं, नंतर गोड वाक्यं. काहींना एलएसडी नावाचं औषधही दिलं गेलं. त्याने माणसाला नसलेलं दिसतं, असलेलं वाकडंतिकडं दिसतं. हे सगळं कॅमेरॉन यांनी लपवून ठेवलं नव्हतं. 1956 साली त्यांनी टेपच्या या पद्धतीवर डॉक्टरांच्या मासिकात लेख लिहिला होता. डॉक्टरांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते रुग्णांना.

घरी परत आलेल्या काही बाया आपल्या मुलांना ओळखत नव्हत्या. काहींना चमचा धरायला, संडासला जायला नव्याने शिकवावं लागलं. लग्न कधी झालं, मुलं कुठे जन्मली, आई कशी दिसायची, सगळं पुसलेलं. कॅमेरॉन 1964 साली तिथून गेले. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरांनी ही पद्धत बंद केली आणि जुन्या रुग्णांची पाहणी करवली. ती 1967 साली छापली गेली. त्यात निम्म्याहून जास्त रुग्णांनी सांगितलं, की उपचाराच्या आधीची सहा महिन्यांपासून दहा वर्षांपर्यंतची आठवण आमच्याकडे नाही. त्याच साली कॅमेरॉन डोंगर चढताना हृदयविकाराने वारले. कोर्टाची पायरी त्यांना कधी चढावी लागली नाही.

इथे आम्हांला एक गोष्ट फार खटकते. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत न्यूरेंबर्ग इथे नाझींवर खटले चालले. रुडॉल्फ हेस या नाझी पुढाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे का, हे तपासायला 1945 साली जे डॉक्टर तिथे गेले, त्यांत हेच कॅमेरॉन होते. नाझी डॉक्टरांनी कैद्यांवर जे भयानक प्रयोग केले, त्यांच्या खटल्यानंतर 1947 साली दहा कलमांची एक नियमावली झाली. तिचं पहिलंच कलम म्हणजे, माणसाने समजून-उमजून, स्वखुशीने हो म्हटल्याशिवाय त्याच्यावर प्रयोग करायचा नाही. माँट्रियलच्या वाड्यात त्यानंतर दहा वर्षांनीही ते पोचलेलं नव्हतं.

आता यात सरकार कुठे आलं?

त्यासाठी थोडं मागे जाऊ. 1950 साली कोरियात लढाई सुरू झाली. चिनी आणि उत्तर कोरियाई लोकांनी पकडलेले काही अमेरिकन सैनिक आपल्याच देशाविरुद्ध बोलू लागले. लढाई संपल्यावर 21 जणांनी घरी परतायलाही नकार दिला. अमेरिकेत घबराट उडाली, की शत्रूला माणसाचं मन धुऊन काढायची विद्या सापडली. ‘ब्रेनवॉशिंग’ हा शब्द त्याच काळात रूढ झाला. मग आपल्याकडेही ही विद्या हवी, असं तिथल्या सीआयए या गुप्तहेर संस्थेला वाटलं. 13 एप्रिल 1953 रोजी तिच्या प्रमुखांनी, ॲलन डलेस यांनी, एका गुप्त कामाला मंजुरी दिली. त्याचं सांकेतिक नाव एमके-अल्ट्रा. कारभारी होते सिडनी गॉटलीब नावाचे रसायनतज्ज्ञ. पुढे उघड झालं, की या कामाचे 149 उपप्रकल्प होते आणि त्यांसाठी 80 संस्थांत काम झालं होतं. त्यांत विद्यापीठं होती, इस्पितळं होती, तुरुंगही होते.

सीआयएने आपल्या नावाने पैसा दिला नाही. मध्ये एक अभ्यास-मंडळ उभं केलं, वरून अगदी सोज्वळ, आणि त्याच्यामार्फत पैसा सोडला. कॅमेरॉन यांना तो 1957 पासून तीन-चार वर्षं मिळाला. खरा मालक कोण, हे त्यांना ठाऊक होतं का, यावर अजून एकमत नाही. शिवाय त्यांचा पुष्कळसा उद्योग या पैशाच्या आधीपासून चालू होता आणि पैसा थांबल्यावरही चालू राहिला. आणि कॅनडाचं स्वतःचं सरकारसुद्धा त्यांच्या संशोधनाला पैसा देत होतं, सीआयएपेक्षा जास्त. म्हणजे सिनेमात दाखवतात तसं, कुणी काळ्या चष्म्याचा माणूस बटण दाबतोय, असं हे नव्हतं. एक मान्यवर डॉक्टर होता, त्याला आपण बरं करतोय अशी खात्री होती, त्याला अडवणारं कुणी नव्हतं आणि दोन सरकारं पैसा पुरवत होती. आम्हांला तर हेच जास्त भीतीदायक वाटतं.

आता कागदांची गोष्ट, कारण सगळं पुढे कागदांवरच अडलं.

1973 साली सीआयएचे तेव्हाचे प्रमुख रिचर्ड हेल्म्स यांनी एमके-अल्ट्राच्या फायली नष्ट करायला लावल्या. झालं ते झालं, आता कुणाला कळायला नको. पण प्रत्येक कचेरीत एक हिशेबनीस असतो आणि त्याच्याकडे पावत्या असतात. माहितीच्या कायद्याखाली जॉन मार्क्स या अमेरिकन लेखकाने कागद मागितले, तेव्हा शोधता शोधता 1977 साली जुन्या हिशेबाच्या दप्तरात सात खोकी सापडली. कुणाला किती पैसे दिले, कशासाठी दिले, याची कागदपत्रं. नष्ट करणाऱ्यांनी कामाच्या फायली नष्ट केल्या, हिशेबाचं दप्तर मात्र दुसरीकडे राहून गेलं. ज्यांनी बचत गटाचं पासबुक सांभाळलंय, त्यांना हे ऐकून हसू येईल. 3 ऑगस्ट 1977 रोजी अमेरिकेच्या संसदेत यावर जाहीर सुनावणी झाली आणि सीआयएचे नवे प्रमुख स्टॅन्सफील्ड टर्नर यांनी ही खोकी सापडल्याचं सांगितलं.

ती बातमी वर्तमानपत्रात आली आणि कॅनडातल्या विनिपेग शहरात राहणाऱ्या व्हॅल ओर्लिकाऊ या बाईंना कळलं, की आपल्यावर झालं ते काय होतं. मूल झाल्यानंतर त्यांना उदासीनं घेरलं होतं. 1956 साली त्या कॅमेरॉन यांच्याकडे गेल्या. त्यांना एलएसडी टोचलं गेलं, टेप ऐकवल्या गेल्या. बरं वाटलं नाही, तेव्हा दोष आपलाच, आपणच कमी पडलो, असं त्या वर्षानुवर्षं समजत राहिल्या. वीस वर्षांनी उलगडलं, की ज्याला आपण उपचार समजलो, त्याच्या पैशाचा एक धागा परदेशी हेरखात्याकडे जातो.

व्हॅलबाईंचे यजमान डेव्हिड ओर्लिकाऊ हे कॅनडाचे खासदार होते. त्यांनी संसदेत प्रश्न विचारले. 1980 साली बाईंनी अमेरिकेत सीआयएवर दावा लावला. बाकीचे रुग्णही त्यात आले, सगळे मिळून नऊ. त्यांतल्या एक बाई तर स्वतः डॉक्टर होत्या. हे खासदाराचं घर नसतं तर? दुसऱ्या कुणा साध्या घरातली बाई उठून म्हणाली असती, की दवाखान्यात माझ्या मनाशी परदेशी हेरांच्या पैशाने खेळ झाला, तर तिला परत त्याच दवाखान्यात नेऊन ठेवलं असतं, असं आम्हांला वाटतं.

दावा आठ वर्षं रेंगाळला. 1988 साली सीआयएने कोर्टाबाहेर तडजोड केली. सगळ्यांत मिळून साडेसात लाख डॉलर. चूक कबूल केली नाही. व्हॅलबाई त्यानंतर दोन वर्षांनी वारल्या.

मधल्या काळात कॅनडा सरकारने एका वकिलाकडून अहवाल करून घेतला होता. तो 1986 साली आला. सरकारवर कायद्याने किंवा नीतीने काही जबाबदारी येत नाही, असा त्याचा निष्कर्ष. तरी लोक गप्प बसेनात. शेवटी 1992 साली सरकारने जाहीर केलं, की आम्ही माणुसकीच्या नात्याने प्रत्येकी एक लाख डॉलर देऊ. पण कुणाला? ज्यांचं मन पूर्ण किंवा जवळपास पूर्ण पुसलं गेलं, लहान मुलासारखी अवस्था झाली, त्यांनाच.

मैत्रिणींनो, ही अट नीट ऐका. अर्ज कुणी करायचा? जिची आठवण गेली तिने. काय सिद्ध करायचं? आपली आठवण गेली होती हे. कशाने? दवाखान्याच्या कागदांनी. ते कागद कुणाकडे? दवाखान्याकडे. 30-35 वर्षांपूर्वीचे, जुने, अर्धवट. आणि ज्या बाईची आठवण अर्धी गेली, अर्धी राहिली, ती पुरेशी पुसली गेली नाही म्हणून तिला पैसे नाहीत. 77 जणांचे अर्ज मंजूर झाले. अडीचशेहून जास्त नामंजूर झाले. 1953 साली एका 19 वर्षांच्या मुलीवर तिथे उपचार झाले होते. तिचाही अर्ज फेटाळला गेला. तिने हार मानली नाही. 2004 साली, ती सत्तरीला आलेली असताना, कॅनडाच्या फेडरल कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला.

आपल्याकडे निराधार योजनेच्या अर्जाला हयातीचा दाखला मागतात, आणि समोर उभ्या असलेल्या म्हातारीला सांगतात, कागद आणा. तुम्ही हसाल, पण जात तीच आहे. फरक इतकाच, की माँट्रियलमध्ये मागणाऱ्याच्याच हातून गोष्ट पुसली गेली होती.

आता दुसरी एक बाई. ॲलिस ओल्सन. अमेरिकेतल्या. त्यांचे यजमान फ्रँक ओल्सन लष्करासाठी काम करणारे शास्त्रज्ञ होते. नोव्हेंबर 1953 मध्ये एका बैठकीत गॉटलीब यांच्या माणसांनी त्यांच्या दारूत न सांगता एलएसडी मिसळलं. त्यानंतर त्यांचं मन बिघडलं. 28 नोव्हेंबरला पहाटे न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या दहाव्या मजल्यावरून ते खाली पडले आणि वारले. पदरात तीन लहान मुलं. घरच्यांना एलएसडीचं अवाक्षर सांगितलं नाही. 22 वर्षं ॲलिसबाई एवढंच जाणत होत्या, की नवरा खिडकीतून पडला. 1975 साली एका सरकारी आयोगाचा अहवाल वर्तमानपत्रात आला, तेव्हा नाव न घेता दिलेला तो प्रसंग वाचून घरच्यांनी ओळखलं, की हे आपलेच. राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्यांना व्हाइट हाऊसमध्ये बोलावून माफी मागितली आणि पुढे साडेसात लाख डॉलर भरपाई मिळाली.

पण गोष्ट तिथे संपली नाही. ओल्सन पडले, त्यांनी उडी मारली की कुणी ढकललं? मुलांचं म्हणणं, ढकललं. 1994 साली शव उकरून पुन्हा तपासणी केली, आणि ती करणाऱ्या तज्ज्ञालाही मारहाणीचा संशय आला. सरकारचं म्हणणं, तसं काही नाही. मुलांनी 2012 साली केलेला दावा मुदत टळली म्हणून निकाली निघाला. न सांगता औषध दिलं, हे कबूल झालेलं आहे. ढकललं, हे सिद्ध झालेलं नाही. दोन्ही वाक्यं एका दमात बोलायला हवीत. एक ऐकून दुसरं गळू देऊ नये.

इथून पुढचा भाग जरा अवघड आहे.

ही सगळी प्रकरणं उघड झाल्यावर अमेरिकेत आणि इतरत्र पुष्कळ माणसं पुढे आली. आमच्यावरही असं झालं, असं म्हणू लागली. काहींचं म्हणणं खरं असणार, कारण फायली नष्ट केल्यामुळे सगळी नावं कधीच बाहेर आली नाहीत. पण सगळ्यांचं खरं असेल का? 1995 साली वॉशिंग्टनमध्ये किरणोत्सर्गाच्या जुन्या प्रयोगांची चौकशी करणारी एक सरकारी समिती बसली होती. तिच्यापुढे काही स्त्रियांनी सांगितलं, की लहानपणी आमच्यावर मन काबूत आणायचे प्रयोग झाले. त्यांच्या बोलण्यातलं दुःख खोटं नव्हतं. पण ते प्रयोग झालेच, असं दाखवणारा पुरावा पुढे आला नाही. त्याच काळात अमेरिकेत काही समुपदेशक बायकांना संमोहन घालून ‘दडलेल्या आठवणी’ बाहेर काढत होते. अशा रीतीने कधी न घडलेली गोष्टही माणसाला घडल्यासारखी आठवू लागते, हे पुढे प्रयोगांतून दिसलं. म्हणजे मन पुसता येतं, तसं मनात नसलेलं भरताही येतं. आणि भरणारा प्रत्येक वेळी हेरच असतो असं नाही.

याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो. 1797 साली लंडनमधल्या बेडलम या वेड्यांच्या इस्पितळात जेम्स टिली मॅथ्यूज नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याला ठेवलं होतं. तो म्हणायचा, एका तळघरात एक टोळी आहे, तिच्याकडे हवेचा माग आहे. विणकराचा असतो तसा माग. त्यातून सुटणाऱ्या अदृश्य धाग्यांनी ती टोळी माझ्या आणि मंत्र्यांच्याही मनात विचार घालते. त्याने त्या मागाचं चित्र काढून दाखवलं. तिथल्या डॉक्टरने 1810 साली त्याच्यावर पुस्तकच लिहिलं. असा माग नव्हता, हे सांगायला नको. पण हाच मॅथ्यूज काही वर्षांपूर्वी इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यात लढाई टळावी म्हणून गुप्तपणे ये-जा करत होता. फ्रान्समध्ये तीन वर्षं कैदेत पडला होता. गुप्त राजकारणात मी होतो, हे त्याचं म्हणणं खरं होतं! एकाच माणसाच्या तोंडी खरी गोष्ट आणि आजारातून आलेली गोष्ट, दोन्ही एकत्र होत्या. त्याच्या घरच्यांनी 1809 साली बाहेरचे दोन डॉक्टर आणले. ते म्हणाले, हा शहाणा आहे. इस्पितळाने तरी सोडलं नाही. त्याच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या डॉक्टरला मात्र 1816 साली कामावरून काढलं, कारण संसदेच्या चौकशीत इस्पितळाचा कारभार उघडा पडला होता.

तेव्हा मागाचा काळ होता, म्हणून माग. नंतर रेडिओ आला तर रेडिओ, आता चिप आणि टॉवर. आपल्याकडे मराठवाड्यात भानामती म्हणायचे, करणी म्हणायचे. कानात आवाज येणं, कुणीतरी आपल्यावर नजर ठेवून आहे असं पक्कं वाटणं, आपले विचार दुसरं कुणी घालतंय असं वाटणं, हे मनाच्या आजाराचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. ज्या काळात जे यंत्र नवं, त्याचं नाव त्याला मिळतं. असा माणूस नाटक करत नसतो. त्याला तो आवाज खरोखर ऐकू येतो. आणि त्याच्यावर औषध आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं आमचं उत्तर असं. टॉवरमधून किंवा लशीतून कुणाचं मन ताब्यात घेतल्याचा एकही पुरावा नाही. एमके-अल्ट्राच्या कागदांत दिसतं ते उलटंच. इतका पैसा, इतकी वर्षं, इतके डॉक्टर, आणि तरी दुसऱ्याचं मन हवं तसं चालवायची विद्या त्यांना सापडली नाही. मन मोडता आलं. चालवता आलं नाही. म्हणून जो व्हिडिओ म्हणतो, की अमेरिकेत असं सिद्ध झालंय तेव्हा हेही खरंच, त्याला सांगा की तिथे काय सिद्ध झालं ते आम्हांला ठाऊक आहे.

पण घरातली, गल्लीतली एखादी बाई म्हणाली, की माझ्या डोक्याशी काहीतरी केलंय, तर? ‘वेडी आहे’ म्हणून तिचं बोलणं तोडू नका. ‘हो हो, सरकार असंच करतं’ म्हणून तिच्या भीतीत तेलही ओतू नका. तिला विचारा. कुठे झालं? कधी? कोण होतं? काय दिलं, गोळी की सुई? बरोबर कोण होतं? कागद आहे का? व्हॅलबाईंना हे विचारलं असतं तर त्यांनी दवाखान्याचं नाव, डॉक्टरचं नाव, साल, औषध सगळं सांगितलं असतं. जिला आजारामुळे आवाज येतात, तिची उत्तरं बहुतेक वेळा वेगळ्या वाटेने जातात. तिलाही घरच्यांबरोबर डॉक्टरकडे नेता येतं. मांत्रिकाकडे नाही. आणि एकीच्या बाबतीत दोन्ही असू शकतं, हे मॅथ्यूजवरून ध्यानात ठेवा. कुणी आजारी आहे एवढ्यावरून तिच्यावर अन्याय झालाच नाही, असं ठरत नाही. मनाच्या आजाराची बाई छळाची, मारहाणीची तक्रार करते तेव्हा तिची तक्रार सगळ्यांत आधी झटकली जाते, हे आपण गावोगाव बघतो.

टेलि-मानस ही सरकारची फोनसेवा आहे. नंबर 14416. फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. मोठा उपचार लागला तर ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत.

कॅनडातल्या बायांकडे त्या काळी जे नव्हतं, ते आपल्याकडे आज कायद्यात लिहिलेलं आहे. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो, की उपचार काय आहे ते समजेल अशा भाषेत सांगून रुग्णाची संमती घ्यायची. भूल दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही. आणि रुग्णाला आपले वैद्यकीय कागद मागण्याचा हक्क आहे. कायद्यात आहे म्हणून दवाखान्यात होतंच, असं आम्ही म्हणत नाही. पण मागायला आधार आहे.

माँट्रियलच्या रुग्णांच्या मुलाबाळांनी आता सामूहिक दावा लावलेला आहे. दवाखाना, विद्यापीठ आणि सरकार यांच्यावर. ज्या मुलांना आईने घरी आल्यावर ओळखलं नाही, ती मुलं आता स्वतः म्हातारी झालीत आणि आईचे कागद गोळा करताहेत.

पुढच्या बैठकीला येताना घरात कुणावर मनाच्या आजाराचे उपचार चालू असतील तर त्यांना विचारून, त्यांची हरकत नसेल तर, केस पेपर बरोबर आणा. कागद नसतील तर दवाखान्याकडे ते कसे मागायचे, त्याचा अर्ज आपण बैठकीत मिळून लिहू.